‘एकदा लावा आणि विसरा’: मिररलेसच्या व्हायरल सेटिंग्जचं काय करायचं?

उन्हाळी सुट्टीची ताडोबा-पेंचची बुकिंगं झाली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक कार्ड फिरायला लागतं. वर झेप घेणारा वाघ, खाली सहा ओळी. मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर, वन्यजीव टिपायचे तर शटर (सेन्सरवर उजेड पडू द्यायचा वेळ, सेकंदात) कायम १/२००० किंवा त्याहून वेगवान, आयएसओ (तो उजेड किती वाढवायचा त्याचा आकडा) १६००च्या वर न्यायचा नाही, शटर इलेक्ट्रॉनिकच, फोकस पूर्ण फ्रेमवर आणि प्राण्याचा डोळा ओळखण्याची सोय चालू, थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन कॅमेऱ्याच्या बॉडीतच आहे, तेव्हा लेन्स टेकवायच्या बीन बॅगचं ओझं नको, आणि लेन्स कमी पडली तर क्रॉप मोड, म्हणजे फुकटात दीडपट झूम. तळाशी ठळक अक्षरांत: एकदा लावा आणि विसरा.

यातली एकही ओळ धादांत खोटी नाही, म्हणून तर ती पुढे पाठवली जाते. प्रत्येक ओळ कुठल्यातरी एका उजेडात, एका अंतरावर, एखाद्या जनावराच्या बाबतीत बरोबर आहे. कार्ड मात्र ती सरसकट लावायला सांगतं.

पहिल्या दोन ओळी एकत्रच घेऊ, कारण त्यांचं आपसातच जमत नाही. भिगवणला उजनीच्या पाण्यावर लख्ख ऊन असताना ६०० मिलिमीटरची लेन्स, एफ ६.३ अपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं) आणि १/२००० शटर ठेवलं तर आयएसओ साधारण ३२० लागतो. तिथे कार्ड अगदी बरोबर. आता तीच लेन्स घेऊन ताडोबात भल्या सकाळी बांबूच्या बेटापाशी थांबा. समजा, तिथे १/२५० आणि आयएसओ १६००वर फोटो व्यवस्थित येतोय. शटर १/२००० केलं की प्रकाश आठपट कमी झाला. भरपाईला आयएसओ १२८०० हवा. कार्ड म्हणतं, १६००च्या वर जायचं नाही. मग येतो तो तीन स्टॉप, म्हणजे आठपट, काळा फोटो. घरी आल्यावर लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये स्लायडर ओढून तो उजळायचा आणि वर म्हणायचं, बघा, १६००लाच केवढा ग्रेन!

ग्रेन आयएसओच्या आकड्यातून येत नाही, तो मुख्यतः अपुऱ्या प्रकाशातून येतो. सेन्सरवर जेवढा उजेड पडला तेवढाच पडला. नंतर तो कॅमेऱ्यात वाढवा नाहीतर कॉम्प्युटरवर, फोटो खरखरीत व्हायचा तेवढा होतोच. २०२३पासून लाइटरूममध्येच एआय डीनॉइझ, म्हणजे खरखर काढायची सोय, आहे आणि १२८००ची रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइलही त्यातून बरीच सावरते. हललेला डोळा मात्र कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. म्हणून शटर जनावर काय करतंय त्यावर ठरवायचं. वाघ पाण्यात बसलाय, लेन्स टेकवलेली आहे: १/२५० पुरतं, थोडी सवय असेल तर त्याहूनही कमी. चालत येतोय: १/६४० ते १/८००. चितळांची पळापळ किंवा उडता पक्षी: १/२०००, छोटा चपळ पक्षी असेल तर १/३२००. मोड मॅन्युअल, आयएसओ ऑटो, त्याची कमाल मर्यादा निदान १२८००, आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय) अंगठ्याखालच्या डायलवर.

हे कॉम्पेन्सेशन कार्डात नावालाही नाही, याचं मला नवल वाटतं. गडद पाण्यासमोरचा पांढरा बगळा कॅमेरा हटकून जास्त उजळ करतो आणि पिसांतला तपशील उडतो; तिथे उणे एकच्या आसपास जावं लागतं. ढगाळ आभाळातली घार बरोब्बर उलटी: अधिक एक किंवा दीड, नाहीतर नुसती काळी आकृती. मिररलेसचा खरा फायदा म्हणजे हे बटण दाबण्याआधीच व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) आणि झेब्रा (फार उजळ भागावर दिसणारे पट्टे) चालू ठेवले की पांढरं कुठे जळतंय ते कळतं.

तिसरी ओळ सगळ्यात महागात पडते. इलेक्ट्रॉनिक शटर म्हणजे आवाज नाही, झीज नाही, आणि सेकंदाला वीस-तीस फ्रेम्स. सगळं खरं. पण या पद्धतीत सेन्सर एका दमात वाचला जात नाही. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ओळीमागून ओळ वाचली जाते. याला किती वेळ लागेल ते त्या सेन्सरवर ठरलेलं असतं, तुम्ही लावलेल्या शटर स्पीडवर नाही. लोक फसतात ते इथेच. कॅननच्या आर ७ला हे वाचन करायला सेकंदाचा सुमारे तिसावा भाग लागतो, सोनीच्या ए ७ फोरला तर त्याहून जास्त. तुम्ही १/४००० लावलं तर प्रत्येक ओळ १/४०००ची, चांगली शार्प. पण पहिली ओळ आणि शेवटची ओळ यांच्यात १/३० सेकंद निघून गेलेला असतो.

उजनीच्या पाण्यावर कवड्या धीवर एका जागी फडफडत थांबतो, खाली मासा हेरत. त्या १/३० सेकंदात त्याचे पंख बरेच हललेले असतात. फोटोत पंखाचं टोक एका क्षणाचं आणि मूळ दुसऱ्याच क्षणाचं येतं. पंख मध्येच वाकल्यासारखा, कधी शरीरापासून सुटल्यासारखा दिसतो. फोकस अचूक, डोळा चमकतोय आणि पक्षी मात्र विचित्र. पळणाऱ्या सांबराबरोबर कॅमेरा फिरवला तर मागची सागाची झाडं तिरकी होतात. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर हे चटकन लक्षातही येत नाही, घरी मोठ्या पडद्यावर येतं.

यातून सुटका देणाऱ्या बॉडी आहेत. निकॉनच्या झेड ९ आणि झेड ८मध्ये स्टॅक्ड सेन्सर आहे. तो साधारण १/२७० सेकंदात वाचून होतो, म्हणजे मेकॅनिकल शटरच्या पडद्याइतक्याच वेगाने. म्हणून तर निकॉनने त्यांत मेकॅनिकल शटर ठेवलंच नाही. सोनीच्या ए ९ थ्रीत, जो नोव्हेंबर २०२३मध्ये जाहीर झाला, ग्लोबल शटर आहे आणि सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो. असे कॅमेरे घेणारा माणूस बहुधा व्हॉट्सअ‍ॅपचं कार्ड बघून सेटिंग्ज लावत नाही. कार्ड पोहोचतं ते आर ७, आर १०, ए ६७०० असं काहीतरी नुकतंच घेतलेल्यांपर्यंत, आणि नेमका त्यांनाच हा सल्ला बाधतो. अशा बॉडीवर मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (फक्त सुरुवात इलेक्ट्रॉनिक, शेवट मेकॅनिकल पडद्याने) ठेवा. आर ७ मेकॅनिकलवरही सेकंदाला १५ फ्रेम्स देतो, आणखी काय हवं? झिजेचं म्हणाल तर कॅननने आर ५चं शटर ५ लाख क्लिकपर्यंत तपासलंय. तिथवर जाण्याआधी तुम्ही बॉडी विकलेली असेल.

शिवाय पावसाळ्यात आंबोलीला रात्री बेडूक शोधायला जाल तेव्हा ही ओळ आणखी अडचणीत आणते. गाइडच्या एलईडी बॅटरीच्या उजेडात इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं की फोटोवर आडवे काळे-पांढरे पट्टे उमटतात, आणि बऱ्याच बॉडींमध्ये या शटरला फ्लॅश पेटतच नाही. लोक फ्लॅश बिघडला म्हणून सेल बदलत बसतात. बिनआवाजी शटरची खरी जागा वेगळी आहे: सिंहगडच्या दरीत पाणवठ्याशेजारी लपणात बसलात, समोर आठ-दहा फुटांवर स्वर्गीय नर्तक येऊन बसलाय, हलत नाहीये. तिथे जरूर वापरा.

तीस फ्रेम्सचंही एक सांगून टाकतो. ४५ मेगापिक्सेलची रॉ फाइल ५० एमबीच्या आसपास धरली तर सेकंदाला वीस फ्रेम्सने एका सेकंदात एक जीबी होतो. बसलेल्या वाघावर बोट दाबून ठेवणाऱ्यांचं बफर, म्हणजे कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण, भरतं, आणि वाघ उठतो तेव्हा कॅमेरा मेमरी कार्डावर फाइली लिहीत बसलेला असतो.

आता चौथी ओळ, डोळ्यावरच्या फोकसची. ही सोय क्रांतिकारकच आहे. आरसा असलेल्या जुन्या डीएसएलआरवर फोकस पॉइंट फ्रेमच्या मधल्या भागात कोंडलेले असायचे ते आठवून बघा. तक्रार ‘पूर्ण फ्रेमवर ठेवा आणि कॅमेऱ्यावर सोडा’ याबद्दल आहे. बांबूतून वाघीण पुढे येते, तोंडासमोर दोन पानं आहेत. डोळ्यावरची चौकट क्षणभर दिसते, पानावर जाते, परत येते, पुन्हा जाते. दहा फोटोंतले सहा पानावर शार्प. लंगूरांची टोळी असेल तर कॅमेरा त्याच्या मनाने एक तोंड निवडतो, तुम्हाला हवं होतं ते पोटाशी धरलेलं पिल्लू. बेडूक, साप, सरडे यांच्या बाबतीत तर ही ओळख आज आहे, उद्या नाही. जनावराचा प्रकार आपणच निवडायचा असेल तर तिकडेही बघा. बॉडी ‘प्राणी’वर अडकलेली आणि समोर नीलपंख पक्षी, असं सर्रास घडतं. फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याचं आतलं सॉफ्टवेअरही, अद्ययावत ठेवा. झेड ८ला पक्ष्यांची वेगळी ओळख फेब्रुवारी २०२४च्या २.०० अपडेटमध्ये मिळाली, खोक्यातून काढलेल्या जुन्या बॉडीत ती नव्हती.

यावर चालणारी मांडणी अशी: शटरच्या बटणावरून फोकस काढून टाका आणि तो मागच्या दोन बटणांवर द्या. एएफ-ऑन बटणावर मध्यम आकाराचा झोन आणि डोळ्याची ओळख. शेजारच्या बटणावर सगळ्यात लहान चौकट, ओळख बंद. उघड्यावर पहिलं बटण. गवत, बांबू, फांद्या आडव्या आल्या की अंगठा दुसऱ्यावर, चौकट पानांच्या फटीतून थेट डोळ्याजवळ. सफारीच्या आदल्या दिवशी घराच्या गच्चीवरून कावळे-घारींवर हा अंगठा फिरवून बघा, व्ह्यूफाइंडरवरचा डोळा न काढता जमेपर्यंत.

आणि मिररलेसची एक खास खोड आहे, ती कुठल्याच कार्डावर नसते. खंड्या जवळच्या काठीवर बसलाय आणि फोकस पलीकडच्या काठावर लागलाय. पक्षी इतका धूसर झालेला असतो की कॅमेऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही, आणि तो पार्श्वभूमीला चिकटून बसतो. बटण कितीही दाबा, ढिम्म हलत नाही. उपाय सोपा आहे: आधी होडीच्या काठाकडे किंवा जवळच्या गवताकडे लेन्स वळवून फोकस जवळ आणा, मग पक्ष्यावर या. लेन्सवरची फोकस रिंग नुसती फिरवूनही काम होतं, पण ऑटो फोकस चालू असताना रिंग चालण्याची परवानगी मेन्यूत द्यावी लागते, ती आधीच देऊन ठेवा.

स्टॅबिलायझेशनवर फार लिहायला नको. ते तुमचा हात हलणं सावरतं, वाघाचं हलणं नाही. ६०० मिलिमीटरला मोठा वाटा लेन्समधल्या यंत्रणेचाच असतो, बॉडीतली एकटी तिथे फार काही करू शकत नाही. आणि दोन-अडीच किलोची लेन्स तासभर जिप्सीत हातात धरून बसलात तर वाघ येईपर्यंत हात गळालेले असतात. बीन बॅग रिकामीच न्या, ताडोबाच्या मोहर्ली गेटजवळच्या दुकानातून तांदूळ घेऊन भरा, परत येताना तो कोणालातरी देऊन टाका. फोटोच्या वेळी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा, जिप्सीची थरथर बीन बॅगमधूनही वर येते.

क्रॉप मोडमध्ये फुकट काही मिळत नाही. ४५ मेगापिक्सेलमधून जवळपास २० उरतात. घरी कापलं असतं तेच कॅमेऱ्याने आधी कापलं. फायदे दोन: फाइल लहान होते, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये पक्षी मोठा दिसल्यामुळे नजर ठेवणं सोपं जातं. तोटा असा की उडणारा पक्षी चौकटीबाहेर गेला की त्याचा कापलेला पंख परत येत नाही. कडबनवाडीच्या माळावर दुपारी चिंकारा दूर उभा असेल तर क्रॉप मोड काय, ८०० मिलिमीटरची लेन्सही उपयोगाची नाही. तापलेल्या जमिनीवरून हवा लहरत असते आणि चिंकारा पाण्यातून पाहिल्यासारखा येतो. फोकस चुकला म्हणून लोक लेन्स दुरुस्तीला पाठवतात. तिथे सकाळी लवकर जायला हवं. भिगवणला अंतर कमी करायचं तर लांबूनच इंजिन बंद करून बांबूने होडी सरकवणारा नावाडी गाठा, रोहित (फ्लेमिंगो) तेवढे बिचकत नाहीत.

राहिलं ‘लावा आणि विसरा’. लावून ठेवायची सोय बऱ्याच कॅमेऱ्यांत आहेच, डायलवरच्या सी १, सी २, सी ३ अशा जागा. एकावर बसलेल्या जनावराची सेटिंग्ज, दुसऱ्यावर उडत्या पक्ष्याची, तिसऱ्यावर आंबोलीच्या रात्रीची. पण कॅननवर एक लक्षात ठेवा. सी मोडमध्ये असताना तुम्ही कॉम्पेन्सेशन बदललं आणि कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला, तर तो आधी साठवलेल्या आकड्यांवर परततो. ऑटो अपडेट चालू केलं तर उलटं होतं, भर उन्हात केलेला बदल दुसऱ्या दिवशीच्या पहाटेही तसाच सापडतो. म्हणून गेटमधून आत शिरताना, कॅमेरा पहिल्यांदा चालू केल्यावर, शटर, आयएसओची मर्यादा, कॉम्पेन्सेशन आणि शटरचा प्रकार हे चार आकडे-चिन्हं एकदा वाचून घ्या. आणि जिप्सी थांबलेली असताना कॅमेरा सीटवर ठेवाल तर व्ह्यूफाइंडरचं भिंग उन्हाकडे करून ठेवू नका; भिंगातून आत गेलेलं ऊन आतला छोटा पडदा जाळतं आणि मग तो दुरुस्तीलाच द्यावा लागतो.