औषध तोडून कोण सुधारतं?

लघवी तपासायच्या पट्टीवर मेथच्या (मेथॅम्फेटामिन, कोकेनसारखं उत्तेजक) खाली रेघ उमटली नाही, म्हणजे मेथ सापडलं. हेरॉइनच्या व्यसनावर उपचार घेणाऱ्या समोरच्याला सांगितलं जातं, "तू अजून नशा करतोस, उद्यापासून तुझं औषध बंद." हे ऐकलं की माझ्या पोटात कालवतं. बंद होतं ते मेथ नव्हे. बंद होतं मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन हे उपचाराचं औषध, ज्याच्या जोरावर तो हेरॉइनपासून लांब राहिलेला असतो.

मेंदूत हेरॉइन जिथे काम करतं तिथेच ही औषधं जाऊन बसतात आणि तलफ, अंगदुखी आवरतात. कोकेन-मेथचा खेळ डोपामिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाचा, त्याला ही औषधं हात लावत नाहीत. मधुमेहाच्या गोळीने दमा गेला नाही, म्हणून कोणी ती गोळी बंद करतं का?

औषध तुटल्यावर तो परत हेरॉइनकडे वळला, तर जुन्या मापाचा डोस आता शरीराला झेपत नाही. श्वास थांबतो. उपचार सुटल्यानंतरचे पहिले आठवडे म्हणूनच सगळ्यात घातक.

उत्तेजक का घेतोस, हे त्याला नीट विचारा तरी. उघड्यावर झोपणारा रात्री सामान जाऊ नये, कोणी अंगावर येऊ नये म्हणून जागा राहतो. कोणाला औषधाने गुंगी येते, कोणी नैराश्यात असतो. यातलं काही डोस बदलूनही सुटेल.

हृदयाला धोका आहेच. मेथाडोनने ठोक्यांची लय बिघडू शकते, कोकेनने ताण वाढतो. मग ईसीजी काढा, जास्त वेळा बोलवा.

मेथवर अजून मान्यताप्राप्त औषध नाही. 2021 मध्ये नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन आणि ब्युप्रोपिऑन एकत्र देऊन केलेल्या चाचणीत 13.6 टक्के लोकांना गुण आला, नुसत्या दिखाऊ औषधावर 2.5 टक्के. पण नाल्ट्रेक्सोन अफूवर्गीय (हेरॉइन, मेथाडोनसारख्या) औषधांचा परिणामच अडवतं, त्यामुळे मेथाडोनवरच्या माणसाला ते देताच येत नाही. सगळ्यात चांगला पुरावा आहे तो बक्षिसाच्या पद्धतीचा: तपासणी स्वच्छ आली की लगेच कूपन. "नशा न करण्याचे पैसे द्यायचे?" असं लोक चिडून विचारतात. हो, द्यायचे. माणूस जगतोय ना!

घरच्यांनो, नॅलॉक्सोन जवळ ठेवा, अफूवर्गीय औषधाचा अतिडोस उतरवणारं औषध आहे ते. मेथचा परिणाम त्याने उतरत नाही, पण पुडीत फेंटानिल (फार जहाल अफूवर्गीय औषध) मिसळलंय का हे बघून कळत नाही. श्वास मंदावला, ओठ निळे पडले, तर वाट न बघता द्या आणि लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा.