शेअर घेतले दोन, सल्ले मिळाले दोनशे

परवा आयुष्यात पहिल्यांदा शेअर घेतले, फक्त 2, आणि तेव्हापासून भेटेल तो विचारतोय, काय बे, कुठला घेतलास, टार्गेट काय, किती भावाला विकणार? अरे टार्गेट कसलं घेऊन बसलात, खातं उघडतानाच केवायसीत सही जुळत नाही म्हणून फॉर्म 3 वेळा परत आला, आठवडा त्यातच गेला. सात रस्ता चौकात चहाला उभं राहायची सोय नाही, रोज नवीन टिप! आमचे दाजी तर 9:15 ला बाजार उघडायच्या आत फोन करतात, आणि स्वतःचं डीमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं खातं? नाहीच, सगळा पैसा एफडीत. दुसऱ्या दिवशी भाव 18 रुपयांनी पडला तर हेच म्हणे विकून टाक. विकू कसं? विकलं की डीपी चार्ज, म्हणजे डीमॅटमधून शेअर काढायचा आकार, मग त्या कंपनीचा 1 विका नाहीतर 100, तेवढाच लागतो, त्यावर जीएसटी, शिवाय एसटीटी, म्हणजे शेअरच्या व्यवहारावरचा सरकारी कर, माझ्या दोन शेअरला परवडणारंय का ते? ते सांगितलं तर म्हणतात, जुगारच बे हा. काल आईनं पण भाकरीवर शेंगाचटणी वाढता वाढता विचारलं, पडलं का रे तुझं ते?