"काही करत नाही हो तो"

आज दुपारी लिफ्टचं दार उघडलं आणि वरच्या मजल्यावरचा कुत्रा कुरिअरवाल्या मुलाच्या पोटरीला कडकडून चावला. पट्टा होता, पण मालकाच्या हातात गुंडाळलेला, कुत्र्याच्या गळ्यात नव्हे. मुलाच्या पँटमधून रक्त ओघळतंय आणि या गृहस्थांचं पहिलं वाक्य काय, तर "काही करत नाही हो तो. तूच एकदम दचकलास ना!"

तेव्हापासून डोकं फिरलंय माझं. दुसऱ्या कामाला हात लागेना म्हणून लिहायला बसले.

दचकला म्हणून चावला? बंद डब्यातून बाहेर पडताना समोर मोकळा कुत्रा दिसला तर माणूस दचकणारच. दचकणं हा गुन्हा नाही. कुत्र्याला मोकळं सोडणं हा आहे. मी त्या मुलाला आमच्या घरी आणून नळाखाली पाय धरायला लावला, घड्याळ लावून पंधरा मिनिटं, साबणाने. तो म्हणत होता, "ताई, पुरे ना, पार्सलं राहिलीत." त्याला पार्सलांची काळजी, आणि वर यांना कुत्र्याच्या बदनामीची.

मला एवढा राग का येतो, ते माझ्या जुन्या मित्रमैत्रिणींना माहीत आहे. बाकीच्यांना सांगते. आमचा मोती माझ्या भाचीला चावला होता. पाच वर्षांची होती ती. गालावर चार टाके पडले.

मोती टेबलाखाली झोपला होता. ती जाऊन गळ्यात पडली आणि मी कौतुकाने फोटो काढला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यात सगळं दिसतं. मोतीने मान वळवून घेतली आहे, कान मागे चिकटलेत, जीभ ओठांवर आहे, डोळ्याचा पांढरा भाग कडेने चमकतोय. कुत्रा याहून स्पष्ट काय बोलणार? आम्ही सगळे "किती गोड!" म्हणत होतो. पुढच्याच मिनिटाला तो चावला.

"अचानक चावला हो, काही कळलंच नाही." हे मीच म्हणाले होते तेव्हा. अचानक काही नव्हतं. आधीच्या महिन्यात तो तीन-चारदा गुरगुरला होता, कानाजवळ हात गेला की. आणि मी प्रत्येक वेळी त्याला ओरडले, एकदा नाकावर चापट मारली. घरातलं कुत्रं घरच्यांवर गुरगुरतं म्हणजे काय! तो शिकला. गुरगुरायचं बंद केलं त्याने. कान दुखायचा मात्र राहिला नव्हता. नंतर व्हेटने तपासलं तेव्हा आत पू होता. गुरगुरणं ही त्याची 'लांब राहा' एवढं सांगायची सोय होती आणि ती मी माझ्या हाताने काढून घेतली. उरले ते दात.

म्हणून कोणी मला अभिमानाने सांगतं ना, "आमचा कधी गुरगुरत नाही, तशी शिस्तच लावलीय," तेव्हा पोटात गोळा येतो माझ्या.

मग हॉस्पिटल. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कुत्र्याला रेबीजची लस कधी दिली? मी गप्प. दोन महिने उलटून गेले होते तारखेला. आज देऊ, रविवारी देऊ. त्या आजउद्याची किंमत त्या पोरीने मोजली. दंडात लस आणि वर जखमेच्या भोवती, गालातच, वेगळी इंजेक्शनं. बहीण तिचे हात धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. पुढचे दहा दिवस आम्ही मोतीवर डोळा ठेवून होतो. खातोय ना, पाणी पितोय ना, चालताना झोकांड्या जात नाहीत ना. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. हे मला आधीही माहीत होतं, पण वाचून माहीत असणं वेगळं. ते दहा दिवस मी शत्रूलाही देणार नाही.

लोक म्हणाले, बिघडला कुत्रा, सोडून ये कुठेतरी. मोती बिघडला नव्हता. त्याला सोडून आले असते तर माझी चूक मी त्याच्या गळ्यात बांधून आले असते, आणि पुढचा चावा कोणत्यातरी परक्या पोराला बसला असता.

हो, काही माणसंही कुत्र्यांना छळतात, दगड मारतात, शेपूट ओढतात. मान्य. काही कुत्री आजारपणाने बदलतात, तेही मान्य. आणि मोठ्या जबड्याचा कुत्रा चावला तर इजा जास्त होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण म्हणून "अमुक जातच वाईट" म्हणून मोकळं व्हायचं आणि आपलं लहानसं, केसाळ, मांडीवरचं पिल्लू पाहुण्यांच्या बोटांना दात लावतं तेव्हा हसायचं? ४२ दात त्यालाही येतात.

पिल्लू तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यात जग ओळखत असतं. छत्री, काठी, हेल्मेट घातलेला माणूस, रडणारं मूल, लिफ्टचा आवाज. त्या दिवसांत जे नीट, न घाबरवता भेटलं त्याची पुढे सहसा भीती वाटत नाही. लसी पूर्ण व्हायच्या असतात म्हणून कडेवर घेऊन का होईना, पण दाखवायला हवं. वरच्या कुत्र्याने त्या वयात काय पाहिलं, तर गॅलरीची जाळी. दिवसभर एकटा, संध्याकाळी दहा मिनिटं खाली. मी रोज ऐकते त्याचं भुंकणं. इतकं वाईट वाटतं त्याचं, खरंच सांगते. आज तो चावला तेव्हाही त्याची शेपूट हलत होती, ताठ, वर उभारलेली, आणि मालक म्हणतात, "बघा, शेपूट हलवतोय, खेळतोय तो." आठ-नऊ महिने सोबत राहून त्यांना त्याची शेपूट वाचता येत नाही.

घाबरट कुत्रा असणं ही लाज नाही. त्याला मुसकं घाला. जाळीचं, मोठं, ज्यात तो तोंड उघडून धापा टाकू शकेल, पाणी पिऊ शकेल असं. हळूहळू सवय लावा. मुसकं घातलेला कुत्रा दिसला की लोक नाक मुरडतात. मुरडू देत. मला तो मालक जबाबदार वाटतो.

मोती त्यानंतर सहा वर्षं आमच्याकडे होता. टेबलाखालचा कोपरा त्याचा, तिथे कोणी जायचं नाही, हा नियम झाला. लहान मूल घरात आलं की तो दुसऱ्या खोलीत, दार बंद. बहीण वर्षभर आली नाही. आली तेव्हा भाची त्या बंद दाराशी जाऊन म्हणाली, "मोती, मी आलेय." आतून शेपटीचा फरशीवर धप धप आवाज. मी दार उघडलं नाही. दोघांच्याही बाजूने तेच बरोबर होतं, पण रडू आवरलं नाही मला.

आत्ताच त्या कुरिअरवाल्या मुलाचा मेसेज आला. पहिलं इंजेक्शन झालं, तिसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलंय. डॉक्टर कुत्र्याच्या लसीचं कार्ड मागतायत, "ताई, फोटो मिळेल का?" दुपारी वरून "दिलीय दिलीय" असं उत्तर आलं होतं आणि दार लागलं होतं.

मी वर जातेय. कार्ड बघितल्याशिवाय खाली येणार नाही.