म्हणे फक्त ग्राफिक्स कार्ड बदल!

"फक्त ग्राफिक्स कार्ड बदल, बाकी सगळं चालतंय की!" असं सांगणाऱ्या प्रत्येकाला एकदा माझ्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटसमोर बसवायचंय. २०१६ सालचं माझं जीटीएक्स १०६० कार्ड नव्या गेममध्ये धापा टाकतंय, मान्य. पण मनात भरलेलं नवं कार्ड आधी वीज मागतं. जुनं १२० वॅटवर गपगुमान चालायचं, याला दोनशेच्या पुढे हवेत. म्हणजे एसएमपीएस, सगळ्यांना वीज पुरवणारा तो डबा, बदला. त्यात ते लांबीला एवढं, की हार्ड डिस्कचा पिंजरा काढल्याशिवाय आत जातच नाही. बरं, बसवलं कसंबसं, तर चार कोरचा म्हातारा प्रोसेसर त्याला पुरा पडत नाही. एवढं महागडं कार्ड निम्मा वेळ नुसतं बसून! प्रोसेसर बदलायचा तर तो बसतो ते सॉकेट वेगळं, म्हणजे ज्यावर सगळं जोडलेलं असतं तो मदरबोर्डच नवा. तो डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅमवाला असला की जुनी चांगली रॅमही बाद. आणि वर प्रत्येक बिलात १८ टक्के जीएसटी आहेच. मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, दुकानदार थंडपणे विचारतो, "पूर्ण सेटच का नाही घेत साहेब?" अरे बाबा, तेवढे पैसे असते तर नुसत्या कार्डाचा भाव विचारत उन्हात फिरलो असतो का?