मंदीत आधी नोकऱ्या वाचवा

२००९ साली माझ्याकडे ऑफर लेटर होतं, पण नोकरी नव्हती. जॉइनिंगची तारीख आधी तीन महिने पुढे गेली, मग सहा, मग कंपनीने मेलला उत्तर देणंच बंद केलं. ते पत्र मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलं होतं, कोणी विचारलं तर दाखवायला. वर्षभराने मिळालेल्या नोकरीचा शिक्षणाशी काडीचाही संबंध नव्हता. तेव्हापासून कुठेही मंदी आली की जीडीपी किती घसरला हे मी नंतर वाचतो. आधी बघतो, किती जणांच्या हातचं काम गेलं आणि किती काळ गेलं.

मंदीच्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांचा पगार इतरांच्या बरोबरीला यायला सुमारे दहा वर्षं लागतात, असं कॅनडातल्या पदवीधरांच्या अभ्यासात दिसलंय. ज्याचं काम सुटून वर्ष झालं, त्याचा बायोडेटा 'मध्ये गॅप आहे' म्हणून बाजूला पडतो, आणि गॅप वाढतच जातो.

म्हणून मला जर्मनीचं उदाहरण फार मोलाचं वाटतं. २००९ मध्ये तिथली अर्थव्यवस्था ५ टक्क्यांहून जास्त आकसली, अमेरिकेपेक्षाही जास्त. तरी अमेरिकेत बेकारी ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्क्यांवर गेली आणि जर्मनीत फारशी हललीच नाही. तिथे 'कुर्त्सआर्बाइट' नावाची सोय आहे. ऑर्डर आटल्या की कंपनी माणसं काढत नाही, कामाचे तास कमी करते. बुडालेल्या निव्वळ पगाराचा साधारण ६० टक्के भाग, मुलं असतील तर ६७ टक्के, सरकारी बेकारी विम्यातून मिळतो. सगळं श्रेय या एकाच योजनेचं नाही. आधी केलेल्या जादा कामाचे तास खात्यात साठवून ठेवायची पद्धतही तिथे कामी आली. पण मशीनवरचा हात मशीनवरच राहिला. ऑर्डर परत आल्या तेव्हा नवी भरती नको, नवं ट्रेनिंग नको.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे 'अंथरूण पाहून पाय पसरावेत'. घराला हे शंभर टक्के लागू आहे. पण मंदीत सगळ्यांनी एकदम हात आखडला की एकाचा वाचलेला खर्च म्हणजे दुसऱ्याची बुडालेली कमाई. अशा वेळी सरकारनेही पाय आखडले, तर खर्च करायला उरतं कोण? १९३७ मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने सावरत आलेल्या अर्थव्यवस्थेत खर्च कापला, फेडरल रिझर्व्ह या तिथल्या मध्यवर्ती बँकेनेही बँकांवरची बंधनं आवळली, आणि बेकारी पुन्हा भडकली. ग्रीसने कपातीवर कपात केली. २०१३ मध्ये तिथली बेकारी २७ टक्क्यांच्या वर होती आणि कर्जाचं जीडीपीशी प्रमाण आधीपेक्षा जास्त. पैसा बेहिशोबी ओतला तर महागाई भडकते, हेही खरं. ती भीती मी हलक्यात घेत नाही. पण त्या भीतीपोटी लाखोंना वर्षानुवर्षं घरी बसवणं मला पटत नाही.

आणि मदत लोकांपर्यंत पोहोचवायची तयारी मंदी यायच्या आधी लागते. २०२० च्या मार्चअखेरीला अमेरिकेत एका आठवड्यात बेकारी भत्त्यासाठी ६० लाखांहून जास्त अर्ज आले. जुनाट संगणक यंत्रणा तो भार पेलेनात. न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल ही जुनी संगणकभाषा येणारे स्वयंसेवक हवेत असं जाहीर आवाहन करावं लागलं. मदत मंजूर झालेली होती, आणि माणसं स्क्रीनसमोर बसून रिफ्रेश करत होती.