डावरा हात आणि पाटीवरचा ‘क’

डावखुऱ्यांना स्किझोफ्रेनियाचा (भास आणि भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचा) धोका जास्त, असं तुमच्या डावखुऱ्यांवरच्या लेखात म्हटलंय. त्या रुग्णांमध्ये डावखुरे किंवा दोन्ही हात वापरणारे जरा जास्त आढळतात, हे खरं. पण जगात साधारण दहात एक माणूस डावखुरा असतो आणि त्यातल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. डावखुऱ्यांचा मेंदू ‘उलटा’ असतो, हे लेखातलं म्हणणंही चुकीचंच. उजव्या हाताने लिहिणाऱ्या सुमारे ९५ टक्के लोकांचं भाषेचं केंद्र मेंदूच्या डाव्या भागात असतं, आणि डावखुऱ्यांपैकीही जवळपास ७० टक्के लोकांचं तिथेच असतं.

माझा धाकटा भाऊ डावरा. पहिलीत बाई त्याच्या डाव्या हातावर पट्टी मारायच्या. जेवताना आजी तो हात मांडीखाली दाबून ठेवायला लावायची. उजव्या हाताने पाटीवर ‘क’ गिरवताना त्याचे ओठ थरथरायचे, आणि शाळेच्या दिवशी सकाळी हमखास पोट दुखायचं. चौथीतल्या गुरुजींनी त्याला डाव्या हाताने लिहू दिलं, तेव्हा कुठे ते थांबलं. या भीतीबद्दल लेखात एक ओळही नाही. ती भर घाला, ही कळकळीची विनंती. आणि आईबाबांनो, डावखुऱ्यांसाठी वेगळी कात्री मिळते, ती आणून द्या.