छेत्री आणि रोनाल्डो: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

इंदूरच्या रामबाग, लोकमान्यनगर भागातल्या मराठी ग्रुपांवर सध्या फुटबॉलपटू सुनील छेत्रीबद्दल एक मेसेज फिरतोय: 'सुनील छेत्री स्पोर्टिंग लिस्बनमध्ये रोनाल्डोच्या जोडीने खेळला, युरोपात खेळणारा तो पहिला भारतीय.' दोन्ही दावे चुकीचे आहेत.

रोनाल्डोने स्पोर्टिंग हा पोर्तुगालचा क्लब सोडला २००३ मध्ये, छेत्री तिथे गेला २०१२ मध्ये. तोही मुख्य संघात नव्हे, 'बी' संघात. हा संघ पोर्तुगालच्या दुसऱ्या श्रेणीत खेळायचा आणि छेत्रीच्या वाट्याला मोजकेच सामने आले. त्याआधी २०१० मध्ये तो अमेरिकेत कॅन्सस सिटी विझार्ड्स क्लबकडे होता. मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरला, पण लीगचा एकही सामना मिळाला नाही. इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्स क्लबशी ठरलेला करार तर वर्क परमिट नाकारल्यामुळे बारगळला. भारताचं फिफा क्रमवारीतलं खालचं स्थान आडवं आलं, खेळ नव्हे!

आणि भारताचा माजी कर्णधार बायचुंग भुतिया याला विसरून कसं चालेल? १९९९ मध्येच तो इंग्लंडच्या बरी क्लबकडून खेळला, पुढे मलेशियातही. मुलांना छेत्रीचं कौतुक जरूर सांगा, पण मेसेज पुढे ढकलण्याआधी एवढी दुरुस्ती कृपया करा.